निळ्या खुर्चीवरचा परतावा

अकोल्यात दुपारबंदीचा कायदा लागू झाला तेव्हा लोक आधी पोट धरून हसले. वैशाखात बारा ते चार घराबाहेर पडू नये, हे सांगायला सरकार कशाला हवं? ते तर अकोल्याच्या कुत्र्यालाही कळतं. पण पारा दरवर्षी थोडा थोडा वर सरकत गेला आणि कायदा सगळ्या महाराष्ट्रभर आला. पुण्याला तो वेगळा लावावाच लागला नाही, अशी थट्टा पुढे बरीच वर्षं चालली. शाळा-कचेऱ्या पहाटे भरायच्या, उन्हाआधी सुटायच्या, बाराला भोंगा वाजायचा आणि सगळं शहर एकदम आडवं व्हायचं. रस्त्यांवरून फक्त ऊन हिंडत असे.

अशाच एका दुपारी जठारपेठेमागच्या वसाहतीत कुमुदताई वानखडे कूलरसमोर चटई टाकून लवंडल्या. उजव्या कानामागे ज्वारीच्या दाण्याएवढा निजमणी चिकटवला आणि डोळे मिटले. खसाच्या ताट्यांतून गाळून आलेला उजेड भिंतीवर हलत होता. ओल्या खसाचा वास खोलीभर पसरला होता. कूलरची घरघर हळूहळू लांब गेली, नदीपलीकडे गेली, आणि दिगंबरराव आले.

दिगंबररावांना, म्हणजे कुमुदताईंच्या यजमानांना, जाऊन दोन वर्षं झाली होती. ते निळ्या खुर्चीवर बसले होते. हातात पाण्याचा पेला होता, आणि घाई कशाचीच नव्हती. कुमुदताईंकडे बघून ते हसले.

"कुमुद, माहं एक काम राह्यलं व. कराचे पैसे वापस यायचे हायेत. मेसेज येईन. तू घेऊन घेजो. कोनाले विचारत नको बसू."

एवढं बोलून ते पाणी प्यायले. मग उजेड आला, पंखा दिसला, आणि कुमुदताई डोळे पुसत उठून बसल्या.

दिगंबरराव अकोल्याच्या बसस्थानकावर उद्घोषक होते. तीस-एक वर्षं त्यांनी गावाला सांगितलं की कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली आणि कोणती उशिरा धावते आहे. घरीही तोंड बंद नसायचं. भाजी चिरताना, अंघोळ करताना, जेवताना बोलणं चालूच. कुमुदताई शाळेतून दमून यायच्या आणि म्हणायच्या, "आता घडीभर गप्प बसान का?" आणि तोच माणूस स्वतः निघाला तेव्हा चकार शब्द बोलला नाही. घशात नळी होती. शेवटच्या दुपारी कुमुदताई एकट्याच खाटेपाशी होत्या. त्यांनी वाट पाहिली, पण बोलणं शक्यच नव्हतं. लोकांना वाटायचं बाई नवऱ्यासाठी रडते. ती रडायची त्या न बोललेल्या शब्दांसाठी.

म्हणून दिगंबरराव दुपारचे येऊन बोलू लागले तेव्हा कुमुदताईंना कृतकृत्य वाटलं. ते रोज आले. तीच खुर्ची, तोच पेला, तेच बोलणं. पहिल्या दिवशी ते स्वप्न आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग एके सकाळी दूध तापवता तापवता त्यांना वाटलं, हे स्वप्नात नव्हे, दवाखान्यातच म्हणाले होते की! खिडकीजवळ. सलाईनच्या स्टँडशेजारी. आपणच दुःखाच्या भरात विसरलो. जसजसे दिवस गेले तसतशी ती खिडकी स्पष्ट झाली, तिच्याबाहेरचा कडुनिंबही दिसू लागला. नळी मात्र कुठेच दिसेना.

हे सगळं कोणाला तरी सांगावं असं फार वाटे, पण सांगायची सोय नव्हती. कुमुदताईंच्या सासूबाई म्हणायच्या, "गेल्या मानसाचं सपन कोनाले सांगू नोये. तोंडातून काढलं का थे मानूस पुन्हा येत नाई." ही समजूत वसाहतीत सगळ्यांचीच होती. एरवी भोपळ्याच्या भाजीत गूळ घालावा की नाही यावरून भांडणाऱ्या बायकांचं या एका गोष्टीवर एकमत होतं. शेजारच्या जुबेदाआपाही तेच मानायच्या. ज्याचं स्वप्न त्यानं पोटात ठेवावं. कोणी सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी, पण हसऱ्या तोंडाने दिसली तर बाकीच्या काही विचारायच्या नाहीत, नुसता चहा पुढे करायच्या.

आता निजमणीबद्दल थोडं सांगायला हवं. जागेपण आणि झोप यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. माणूस त्यावर काही मिनिटंच रेंगाळतो. तेवढ्या वेळात मेंदूतल्या लहरी संथ होतात. कान उघडे असतात, पण ऐकलेलं खरं की खोटं हे तपासणारा पहारेकरी पेंगायला लागलेला असतो. पुढे झोप लागली की मेंदूच्या आत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, दिवसभराच्या गोष्टी निवडायचं काम सुरू होतं. हे ठेवायचं, ते टाकायचं. निजमणी कानामागून त्या लहरी ओळखायचा आणि त्यांच्या चालीनं बारीक गुणगुणायचा, की झोप आलीच. पाखरासारखी उडून गेलेली झोप त्यानं कित्येकांना परत आणून दिली, हे कबूल करायला हवं.

पुढे कंपनीनं त्यात एक सोय घातली. ज्या संदेशांवर सरकारी हिरवी खूण असेल ते निजमणी उंबरठ्यावरच्या माणसाला हलक्या आवाजात वाचून दाखवी. पाण्याची पाळी, लशीची तारीख, पेन्शनचा दाखला. उठल्यावर कोणी काही सांगितल्याचं आठवायचं नाही, पण गोष्ट मात्र ठाऊक असायची. म्हातारी माणसं खूश झाली. काही शास्त्रज्ञांनी बजावलं होतं की हे जपून करा, मेंदू एका प्रसंगाच्या दोन प्रती सांभाळत नाही. जी आठवण वारंवार उघडली जाते ती राहते, तिच्याखालची जुनी झिजते. कंपनीनं ते बारीक अक्षरात छापलं आणि सगळ्यांनी न वाचता 'मान्य आहे' दाबलं.

कुमुदताईंना निजमणी दिला तो त्यांच्या मुलीनं, प्राचीनं. ती पुण्यात विमा कंपनीत होती. वडील गेल्यावर आईची झोप उडाली, आणि खरं तर तिचीही. तिनं दोन मणी घेतले, एक स्वतःला ठेवला.

मेसेज आला तो बुधवारी, दुपारबंदी संपून लोक उठायच्या वेळेला.

कै. दिगंबर वानखडे यांचा कर परतावा मंजूर झाला आहे. वारस म्हणून रक्कम स्वीकारण्यासाठी खालील दुव्यावर खाते क्रमांक भरा आणि अंगठा ठेवा.

वर हिरवी खूण होती. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या थकबाकीवर दिगंबररावांचा कर कापला गेला होता, हेही खरं होतं.

कुमुदताई काही भोळ्या नव्हत्या. प्राचीनं त्यांच्याकडून एक नियम पाढ्यासारखा घोकून घेतला होता: मागितलं नाही, वाट पाहिली नाही, तर उघडायचं नाही. लॉटरी लागली, पार्सल अडकलं, वीज कापली जाणार आहे, असले मेसेज त्या मुंगी झटकावी तसे झटकायच्या. वसाहतीतल्या बायकांनाही हा नियम त्यांनीच शिकवला होता, शाळेतल्यासारखा बोटांवर मोजून.

आताही त्यांनी नियम आठवला. वाट पाहिली होती? पाहिली होती. किती दिवसांपासून! कोणी सांगितलं होतं? खुद्द यांनीच. कुमुदताईंनी मोबाइल कपाळाला लावला आणि पदराने पुसून देवघरात ठेवला. त्यांनी अंगठा लगेच ठेवला नाही याचं कारण शंका नव्हती. यजमानांचा हा शेवटचा पैसा, पारोश्या अंगानं कसा घ्यायचा? उद्या गुरुवार. न्हाऊन, दिवा लावून, मग.

संध्याकाळी प्राचीचा फोन आला. मेसेजबद्दल कुमुदताई काही बोलल्या नाहीत, कारण कोणाला विचारत बसू नको असं सांगितलेलं होतं. पण राहवेना, म्हणून त्यांनी आडून विचारलं.

"प्राची, तुहे बाबा शेवटी बोलले होते न व?"

 प्राची अगदी मऊ आवाजात म्हणाली, "हो आई. बोलले होते ना. मला आठवतं."

"मी इसरलीच होती पाह्य."

"मी पण," प्राची म्हणाली. दोघी गप्प बसल्या. किती दिवसांनी त्या इतक्या सुखानं गप्प बसल्या होत्या.

गुरुवारी सकाळी गच्चीवर मूगवड्या घालायच्या होत्या. हे काम आठवड्याआधी ठरलेलं, आणि भिजलेली डाळ कोणासाठी थांबत नाही. कुमुदताईंनी अंघोळ आणि दिवा वड्यांनंतर करायचं ठरवलं. उजाडताच त्या वर गेल्या. सौर पट्ट्यांच्या सावलीत जुनी धोतरं पसरलेली होती. जुबेदाआपा पाटा घेऊन बसल्या होत्या. त्या वाटायच्या, बाकीच्यांनी घालायच्या, असं कित्येक वर्षांचं ठरलेलं. वरच्या मजल्यावरच्या बेबीताई ढोरे आल्या, पण आज त्यांनी परातीला हात लावला नाही. कठड्याशी नुसत्या बसून राहिल्या.

"काय झालं व बेबीताई?" कुमुदताईंनी विचारलं.

"सारं गेलं," बेबीताई म्हणाल्या. "खात्यात होतं नोतं थे सारं. काल मेसेज आल्ता. मी अंगठा लावला."

जुबेदाआपांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! बाई, मेसेजवर अंगठा नाई लावत, एवढं कुमुदताईनं शिकवलं न आपल्याले? वाट नोती पाह्यली तं कायले उघडला?"

"वाट पाहून राह्यली होती न मी," बेबीताई म्हणाल्या.

"कायची?"

"मेसेजची. मले माईत होतं थो येनार हाये."

कुमुदताईंच्या हातातली वडी बोटांवरच राहिली.

"कोनं सांगतलं होतं?" जुबेदाआपांचा आवाज एकाएकी खाली आला.

बेबीताईंनी मान हलवली. "थे नाई सांगता येत."

 जे सांगता येत नाही ते एकच असतं, हे तिघींनाही ठाऊक होतं. जुबेदाआपांनी पाट्यावरचा हात काढून घेतला. त्यांनी कमरेला खोचलेला मोबाइल चाचपला, जणू तो तिथं आहे की नाही ते पाहत होत्या, आणि पुन्हा वाटायला लागल्या. पण हात चालेना. कुमुदताईंनी ते पाहिलं आणि बोटांवरची वडी परातीत परत टाकली.

खाली देवघरात मेसेज होता. दुपारी यजमान येणार होते. आज त्यांचं काम झालेलं असेल, म्हणजे कदाचित दुसरं काही बोलतील. घरातलं. प्राचीचं. कदाचित नुसतीच हाक मारतील, काम न सांगता. कुमुदताईंना एवढंच करायचं होतं की तोंड उघडायचं नाही. बेबीताईंचे पैसे गेले ते गेले. जुबेदाआपांना बाजूला घेऊन म्हणता येईल की बाई, आज राहू दे, मेसेज उघडू नकोस. का, ते सांगायची गरज नाही. पण जुबेदाआपा ऐकतील का? त्यांना ज्या कोणी सांगितलं असेल त्याच्यापुढे शेजारणीचं कोण ऐकतो? आपण ऐकलं असतं का? मुळीच नाही. आपण तर तिच्याशी भांडलो असतो.

ऊन कठड्यावर चढू लागलं होतं. कुमुदताईंनी ओल्या हातांनी पदर तोंडाशी धरला. फार वेळ धरला. त्यांना दुसऱ्यांदा विधवा व्हायचं नव्हतं, ही खरी गोष्ट. मग त्यांनी पदर सोडला.

"आमचे हे येतात," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी. खुर्चीवर बसतात."

"नका सांगू व!" बेबीताई कळवळून ओरडल्या. "नका सांगू, पुन्हा नाई येनार थे!"

"पान्याचा पेला असते हातात. म्हनतात, कराचे पैसे वापस येनार हायेत, मेसेज येईन, तू घेजो, कोनाले विचारू नको." कुमुदताईंचा आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. "खुर्ची निळी हाये."

जुबेदाआपा पाट्यावरून उठल्या. त्यांच्या कोपरापर्यंत वाटलेली डाळ लागली होती.

"निळी?" त्या म्हणाल्या. "अम्मी पन निळ्याच खुर्चीवर बसते. मले रोज वाटे, अम्मी खुर्चीवर कशी? उभ्या जलमात नाई बसली थे खुर्चीवर. पाहुने आले तरी खालीच बसे. पन मी म्हनलं, जाऊ दे, बसली तं बसली. आली तं खरी." आणि त्या लहान मुलीसारख्या रडू लागल्या. "मी आज दुपारीच अंगठा लावनार होती, कुमुदताई."

बेबीताईंकडे त्यांचा भाऊ येत असे. त्याच खुर्चीवर, तोच पेला घेऊन. तिघी तिथं गच्चीवर, अर्ध्या घातलेल्या वड्यांमध्ये, एकमेकींना धरून बसल्या. मूग सुकून गेले.

सायबर मदतीच्या क्रमांकावर फोन केल्यावर फौजदार राजश्री इंगळे स्वतः आल्या. तरुण, उन्हानं रापलेली, जिने चढून धापा टाकणारी पोरगी. तिनं आधी बेबीताईंच्या बँकेला कळवून पैसे पुढे जायचे थांबवायला सांगितलं. काही अडतील, काही जातील, पण लवकर कळवलंत हे बरं केलंत, म्हणाली. मग तिनं तिघींचे निजमणी एका डबीत घेतले, आपल्या यंत्राला लावले आणि स्मृतीत उरलेला मजकूर वाचून दाखवला. मोबाइलमधून तो आपोआप पुसला जात असे. कुठल्याशा घाऊक संदेश पाठवणाऱ्यांकडून चोरांनी हिरवी खूण मिळवली होती.

"खुर्ची निळी आहे. हातात पाणी आहे. जे गेले, ते आले आहेत. त्यांचा कर परतावा यायचा आहे. निरोप येईल, तो तुम्ही घ्यायचा आहे. कोणाला विचारू नका."

"एवढंच?" कुमुदताई म्हणाल्या.

"एवढंच, मावशी."

"आमच्या ह्यायचं नाव नाई त्यात? आवाज?"

"चोरांना तुमचे साहेब माहीतच नव्हते. आपांची अम्मीही माहीत नव्हती. त्यांनी फक्त रिकामी खुर्ची पाठवली. लाखो लोकांना एकच. तिच्यावर कोणाला बसवायचं ते ज्याचं त्यानं ठरवलं." राजश्रीनं डबी बंद केली. "पूर्वी आम्ही सांगायचो, अनोळखी माणसाच्या मेसेजवर भरोसा ठेवू नका. आता काय सांगायचं ते आम्हालाच कळत नाही. एक सांगते, तेवढं धरून ठेवा. खरा परतावा काही मागत नाही. विवरणपत्रात जे खातं दिलंय त्यात तो मुकाट जमा होतो. लिंक नाही, अंगठा नाही, ओटीपी नाही. शंका आली तर मेसेजमधून जायचं नाही, विभागाच्या साइटवर आपल्या हातानं पत्ता टाकून जायचं. आणि कोणी म्हटलं ना, की कोणाला विचारू नका, तर आधी चार जणांना विचारायचं. मग ते म्हणणारं कोणीही असो."

'कोणीही असो' म्हणताना तिनं खाली पाहिलं. कदाचित तिच्याही घरी कोणी येत असेल.

भोंगा वाजला. जो तो आपापल्या घरी गेला. कुमुदताई कूलरसमोर आडव्या झाल्या. कानामागे आज काही नव्हतं. त्यांनी सवयीनं डोळे मिटले, पण आता कोणी येणार नव्हतं हे त्यांना कळत होतं. सासूबाईंचं म्हणणं खरं ठरलं होतं. झोप येईना. त्या दवाखान्यातली ती दुपार पुन्हा आठवू लागल्या, आता खरी कोणती आणि खोटी कोणती ते वेगळं करायला. खिडकी खोटी होती, तिथं भिंत होती. कडुनिंब खोटा होता. खुर्ची खोटी. नळी खरी. बोलणं खोटं, हे मान्य करताना त्यांना दोनदा उठून पाणी प्यावं लागलं. कालचा प्राचीचा फोन मात्र खरा होता. 'मला आठवतं,' ती म्हणाली होती.

कुमुदताई ताडकन उठून बसल्या. प्राचीला कसं आठवतं? प्राची त्या दुपारी तिथं नव्हतीच.

फोन बराच वेळ वाजला. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. मग प्राचीनं उचलला, आवाजात साय धरल्यासारखी झोप होती.

"आई? आत्ताच डोळा लागत होता."

"कानामागचं काढ."

"काय?"

"मनी काढ म्हनते न मी! काढला? बरं. तुले मेसेज आला का व? बाबाच्या कराचा?"

 प्राची चोरी पकडल्यासारखी बोलली. "आलाय. मुलगी म्हणून. तुला सांगणारच होते आई, पण... बाबांनी सांगितलं होतं की..."

"कोनाले विचारू नको."

"तुला कसं माहीत?"

"खुर्ची निळी हाये न?"

 कुमुदताईंना तिथंच थांबावंसं वाटलं. त्यांनी सकाळी स्वतःच्या हातानं स्वतःचं माणूस घालवलं होतं, तेच आता पोरीचंही घालवायचं होतं. प्राची शहाणी होती. फसवणूक आहे, उघडू नको, एवढं सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं असतं आणि आठवण तशीच राहू दिली असती. पण ज्या दाराला कडी नाही त्या दारातून चोर पुन्हा येतो. आणि पोरीनं आयुष्यभर एका खुर्चीशी बोलत बसावं, हे कुमुदताईंना पटेना.

"बाबा कायच बोलले नाई, प्राची," त्या म्हणाल्या. "एक शब्द नाई. घशात नळी होती त्यायच्या."

"पण मी ऐकलंय आई. मी तिथं उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं."

"तू नोती तिथं, बाळा."

"होते!" प्राची किंचाळली. मग अगदी हळू म्हणाली, "मी होते ना गं आई? मी पोचले होते ना?"

दोन वर्षं ती आईजवळ या विषयावर कधी बोलली नव्हती. उशीर झाला म्हणून तिनं कधी बोल लावून घेतला नाही, कोणाला लावला नाही. कुमुदताईंना वाटायचं, पोरगी धीराची आहे. आता त्यांना कळलं की पोरगी स्वतःला रोज त्या खाटेपाशी पोचवत होती.

"नाई पोचली," कुमुदताई म्हणाल्या आणि रडू लागल्या. "तू संध्याकाळी आली. तवा सारं झालं होतं."

"मग मी कुठे होते?"

"गाडीत. जालन्याच्या अलीकडं. गाडी बंद पडली होती, उन्हात. तुहा फोन आल्ता." हे बोलता बोलता कुमुदताईंच्या डोळ्यांसमोर ती दुपार पहिल्यांदाच सरळ उभी राहिली. नर्स पडदा ओढत होती. मोबाइल वाजला होता. न बोललेल्या शब्दांसाठी दोन वर्षं रडताना त्या हे साफ विसरल्या होत्या. "तू म्हनली, फोन बाबाच्या कानापाशी धर. मी धरला. लय येळ धरला, हात भरून आल्ता माहा, पन तू बोलतच होती, तं मी कसा काढू? डोये उघडे होते त्यायचे. फोनाकडं पाहत होते. तुहं बोलनं सरलं, मंग त्यायनं डोये मिटले."

"मला आठवत नाही," प्राची म्हणाली. "आई, मला हे काहीच आठवत नाही."

"आठवन. दाबल्या गेलं असन. हळूहळू आठवन."

कूलरचं पाणी संपलं होतं, तो नुसताच फिरत होता. प्राची बराच वेळ रडत राहिली आणि कुमुदताईंनी फोन धरून ठेवला. मग तिनं नाक ओढलं आणि लहानपणी गोष्ट अर्धी राहिली की विचारायची तशा आवाजात विचारलं,

"काय बोलले गं मी त्यांच्याशी?"

"थे मले कसं माईत असन?" कुमुदताई म्हणाल्या. "फोन त्यायच्या कानापाशी होता."